पेपरमिंट ब्राउनीचे प्रीमिक्स: माल चांगला, छापील कृती चुकीची

नाताळ जवळ आला की पेपरमिंट ब्राउनीची प्रीमिक्स खोक्यांतून विकायला येतात. त्यांतल्याच एका प्रीमिक्सचे चार खोके आणून मी चार वेळा ब्राउनी भाजली. खोक्यातला माल उत्तम आहे, परंतु खोक्याच्या मागे छापलेली कृती जशीच्या तशी पाळली तर तो वाया जातो, असे माझे मत झाले आहे. उत्पादकाचे नाव मी मुद्दाम देत नाही. या धर्तीचे खोके अनेक जण बनवतात आणि त्यांची रचना थोड्याफार फरकाने सारखीच असते, त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते तुमच्या हातातल्या खोक्यालाही बहुधा लागू पडेल.

खोक्यात तीन वस्तू निघतात. पहिली म्हणजे ४५० ग्रॅम कोरड्या मिश्रणाची पिशवी. तिच्यात साखर, मैदा, कोको, मीठ, चिमूटभर बेकिंग पावडर आणि डार्क चॉकलेटचे बारीक तुकडे असतात. दुसरी म्हणजे १० मिलिलिटर पेपरमिंट इसेन्सची छोटी बाटली आणि तिसरी म्हणजे लाल-पांढऱ्या कँडी केनच्या चुऱ्याचे ६० ग्रॅमचे पाकीट. दोन अंडी, ८० मिलिलिटर तेल आणि थोडे पाणी आपण घालायचे असते. छापील कृती अगदी थोडक्यात आटोपलेली आहे: सगळे एकत्र करावे, इसेन्सची पूर्ण बाटली ओतावी, मिश्रण २३ सेंटिमीटरच्या चौकोनी टिनमध्ये पसरावे, वर कँडीचा चुरा भुरभुरावा आणि १८० अंश सेल्सिअसला ३० ते ३५ मिनिटे, टूथपिक स्वच्छ बाहेर येईपर्यंत भाजावे. या एका वाक्यात मला चार चुका सापडल्या, आणि त्यांतल्या दोन चुका अशा आहेत की त्या झाल्यानंतर सुधारता येत नाहीत.

पहिल्या खेपेला मी आज्ञाधारकपणे सर्व सूचना पाळल्या. कोणत्याही वस्तूचे परीक्षण करायचे तर आधी ती उत्पादकाच्या सांगण्याप्रमाणेच वापरून पाहावी, असा माझा शिरस्ता आहे. बाटलीचे बूच उघडताच स्वयंपाकघरात असा वास पसरला की पलीकडच्या खोलीतून धाकटी बहीण सर्दीचे औषध कोणी काढले म्हणून विचारायला आली. ब्राउनी भाजून, गार करून, कापून तिच्या हातात तुकडा दिला तेव्हा तिने तो सावकाश चावून खाल्ला, थोडा वेळ तोंड उघडे ठेवून श्वास आत घेतला आणि म्हणाली, "ताई, गारगार वाटतंय खरं, पण यात चॉकलेट कुठे आहे?" तिचा प्रश्न रास्त होता. पिशवीतल्या मिश्रणाचा चांगुलपणा मला पुढच्या खेपेला कळला. त्या दिवशी जिभेला मेंथॉलखेरीज, म्हणजे पेपरमिंटला गारवा देणाऱ्या द्रव्याखेरीज, काहीही जाणवत नव्हते.

असे का होते हे समजून घेतल्याशिवाय इसेन्सचे प्रमाण ठरवता येत नाही, म्हणून या मुद्द्यावर थोडे रेंगाळते. पेपरमिंटचा गारवा ही चव नव्हे. थंडीची जाणीव मेंदूपर्यंत नेणाऱ्या मज्जातंतूंवर टीआरपीएम८ नावाचा एक ग्राहक, म्हणजे संवेदना टिपणारे प्रथिन, असतो आणि मेंथॉल त्यालाच जाऊन चिकटते. तोंडातला घास गरम असला तरी मज्जातंतू मेंदूला गारव्याचीच वर्दी देतात. डेव्हिड ज्यूलियस आणि आर्डेम पाटापूशियन या दोघा शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे २००२ मध्ये मेंथॉलच्याच साहाय्याने हा ग्राहक शोधला. तापमान आणि स्पर्श यांच्या ग्राहकांवरील एकूण कामाबद्दल त्यांना २०२१ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. स्वयंपाकघरापुरता याचा अर्थ असा की गोडी जास्त झाली तर मिठाने किंवा कडू कोकोने ती थोडीफार आवरता येते, पण मेंथॉल जास्त झाले तर ते कशानेही आवरता येत नाही. दुसऱ्या चवीने ते झाकले जात नाही आणि साखर वाढवली तर घास आणखीच औषधासारखा लागतो.

त्यातून पेपरमिंट हा पुदिन्याच्या कुळातला जात्याच जहाल प्रकार आहे. वॉटरमिंट आणि स्पिअरमिंट यांच्या संकरातून ही वनस्पती तयार झाली आणि वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये तिला शास्त्रीय नाव दिले. तिच्या तेलात साधारणपणे ३० ते ५५ टक्के मेंथॉल असते. उलट स्पिअरमिंटमध्ये मेंथॉल नाममात्र असते आणि तिचा वास मुख्यत्वे कार्व्होन या द्रव्याचा असतो. इसेन्सऐवजी ताजा पुदिना वाटून घालावा का, असे अनेक जण विचारतात, त्यांना याच कारणासाठी मी नको म्हणते. बाजारातला पुदिना बहुधा स्पिअरमिंटच असतो; त्याची पाने वाटून घातली तर ब्राउनीला पाल्याचा वास येतो आणि गारवा मात्र येत नाही.

आता प्रमाणाकडे वळू. १० मिलिलिटर म्हणजे मापाचे दोन छोटे चमचे. २० सेंटिमीटरच्या टिनमधल्या ब्राउनीला अर्धा छोटा चमचा इसेन्स पुरतो, आणि ज्यांना पेपरमिंट मनापासून आवडते त्यांच्यासाठी एक चमचा ही शेवटची मर्यादा समजावी. म्हणजे खोक्यातली बाटली गरजेच्या दुप्पट ते चौपट आहे. बाटलीवर इसेन्स लिहिले आहे की शुद्ध तेल, हेही डोळ्यांत तेल घालून वाचावे. इसेन्स म्हणजे अल्कोहोलमध्ये किंवा पाण्याच्या मिश्रणात विरघळवलेला अर्क. शुद्ध पेपरमिंट तेल त्याच्या कितीतरी पट तीव्र असते आणि ते चमच्याने न मोजता थेंबांनीच मोजावे लागते. माझ्या खोक्यात इसेन्स होते. तेल असते आणि मी बाटली तशीच उपडी केली असती तर तो टिन थेट कचऱ्यात गेला असता.

दुसऱ्या खेपेला मी मिश्रणात इसेन्स अजिबात घातले नाही. पेपरमिंट बाजूला केल्यावर ही ब्राउनी मुळात कशी आहे हे मला पाहायचे होते, आणि खरे सांगायचे तर मी चकित झाले. वरचा पापुद्रा कागदासारखा पातळ, चकचकीत आणि बारीक तडे गेलेला आला होता. घरी मोजूनमापून केलेल्या ब्राउनीला हा पापुद्रा दर वेळी साधतोच असे नाही, कारण त्यासाठी साखर अंड्यांत पुरती विरघळावी लागते; तशी ती विरघळली की भाजताना वरच्या थरात मेरिंगसारखी (अंड्याचा पांढरा बलक आणि साखर फेटून भाजल्यासारखी) पातळ कातडी धरते. प्रीमिक्समधली साखर बारीक दळलेली असते, त्यामुळे ती झटकन विरघळते आणि एरवी दहा मिनिटे अंडी फेटून जे साधायचे ते इथे मिनिटाभरात साधते. प्रीमिक्सला नाके मुरडणाऱ्यांनी एवढे श्रेय त्याला द्यायला हरकत नाही.

कोकोही चांगला निघाला. घटकांच्या यादीत तो अल्कली प्रक्रिया केलेला असल्याचे लिहिले आहे. या प्रक्रियेमुळे कोकोतली आम्लता कमी होते, रंग गडद होतो आणि चव सौम्य व गोलसर होते. एकोणिसाव्या शतकात नेदरलँड्समधल्या व्हान हौटेन या कोको उत्पादकांपासून ती रूढ झाली, म्हणूनच तिला डच प्रक्रिया म्हणतात. पेपरमिंटच्या जोडीला आंबूस कोकोपेक्षा असा कोको बरा, कारण आंबटपणा आणि मेंथॉल एकत्र आले की घशाशी खवखवते. मात्र ब्राउनी काळीकुट्ट दिसते म्हणून तिच्यात चॉकलेट भरपूर आहे असे कोणी समजू नये. तो काळेपणा प्रक्रियेचा आहे. चॉकलेटचा खरा अंश मिश्रणातल्या तुकड्यांतून येतो, आणि ते तुकडे मला थोडे कमी वाटले. पुढच्या दोन्ही खेपांना मी पदरचे ५० ग्रॅम डार्क चॉकलेट चिरून घातले आणि तो निर्णय योग्य ठरला.

तेलाच्या जागी लोणी वापरायचे असेल तर सरळ तेवढेच लोणी घालू नये. ८० मिलिलिटर तेलाचे वजन सुमारे ७३ ग्रॅम भरते आणि ते सगळे स्निग्धच असते. लोण्यात स्निग्धांश ८० टक्क्यांच्या आसपास असतो आणि उरलेला बहुतेक भाग पाण्याचा. म्हणून ९० ग्रॅम लोणी वितळवून घ्यावे आणि कृतीत सांगितलेले पाणी एका मोठ्या चमच्याने कमी करावे. लोण्याने चव निःसंशय सुधारते. एवढे खरे, की फ्रीजमधून काढल्याबरोबर खायची असेल तर तेलाची ब्राउनी मऊ राहते आणि लोण्याची घट्ट होते, त्यामुळे लोण्याची ब्राउनी वाढण्याआधी अर्धा तास बाहेर काढून ठेवावी लागते.

टिनच्या मापाबद्दल थोडक्यात सांगते. २३ सेंटिमीटरच्या चौकोनी टिनचा तळ ५२९ चौरस सेंटिमीटर भरतो आणि २० सेंटिमीटरच्या टिनचा ४००. तीनच सेंटिमीटरचा फरक आहे म्हणून आपण तो सोडून देतो, पण मोठ्या टिनमध्ये तेच मिश्रण जवळपास एक तृतीयांश जास्त जागेवर पसरते, थर पातळ होतो आणि ३५ मिनिटांत कडा बिस्किटासारख्या कडक होतात. माझ्या पहिल्या घाण्याच्या चारही बाजूंच्या पट्ट्या मला कापून टाकाव्या लागल्या होत्या. २० सेंटिमीटरचा धातूचा टिन, १७५ अंश आणि २६ ते २८ मिनिटे, हे माप मला बरोबर वाटले. काचेचे भांडे उशिरा तापते आणि ओव्हनमधून काढल्यावरही बराच वेळ आतला घाणा शिजवत राहते, तेव्हा काच वापरायची झाल्यास तापमान १५ अंशांनी कमी ठेवावे.

टूथपिक स्वच्छ बाहेर येईपर्यंत भाजण्याची सूचना केकसाठी योग्य आहे, ब्राउनीसाठी नाही. ब्राउनीत खुपसलेल्या टूथपिकला ओलसर कण चिकटलेले असावेत. पातळ, वाहते मिश्रण मात्र नसावे. टिन हलकेच हलवला तर कडा स्थिर राहाव्यात आणि मध्यभाग किंचित थरथरावा, त्या क्षणी तो बाहेर काढावा. गार होताना तो मध्यभाग आपोआप बसतो. ओव्हनमध्येच बसेपर्यंत वाट पाहिली तर दुसऱ्या दिवशी हातात कोरडा चॉकलेट केक येतो.

आता कँडीच्या चुऱ्याकडे येते, कारण या खोक्यावरचा माझा मुख्य राग तिथे आहे. खोक्यावरच्या चित्रात गडद ब्राउनीवर लाल-पांढऱ्या कँडीचे टवटवीत, टोकदार तुकडे दिसतात आणि ते चित्र पाहूनच बहुतेक जण खोका उचलतात. छापील कृतीप्रमाणे तो चुरा भाजण्याआधी वर टाकला तर काय होते ते मी ओव्हनच्या काचेतून पाहिले. दहाव्या मिनिटाला तुकड्यांच्या कडा गोल झाल्या, पंधराव्या मिनिटाला लाल रंग पांढऱ्यात मिसळून फिकट गुलाबी ठिपके झाले, आणि विसाव्या मिनिटापर्यंत ते ठिपके पसरून एकमेकांना मिळाले. बाहेर काढल्यावर वर एक तपकिरी-गुलाबी काचेरी थर तयार झाला होता. सुरी त्यावर टेकवली की तो तडकायचा आणि त्याच्याबरोबर खालचा सुंदर पापुद्राही उखडून यायचा. दाताखाली आला तर दाढेला घट्ट चिकटायचा. चित्रातली ब्राउनी या कृतीने होणे शक्यच नाही, आणि ते छापणाऱ्याला माहीत नसेल असे मला वाटत नाही.

कँडी केन म्हणजे सुमारे १५० अंशांपर्यंत उकळून जवळजवळ सगळे पाणी उडवलेला आणि स्फटिक न धरता गोठलेला साखरेचा पाक. रचनेच्या दृष्टीने ती एक प्रकारची काचच आहे. उष्णता लागली की ही काच मऊ होऊन वाहू लागते, आणि उष्णता नसली तरी हवेतली व शेजारच्या पदार्थातली ओल ती अधाशासारखी शोषते. त्यामुळे भाजून झाल्यावर गरम ब्राउनीवर चुरा टाकला तरी तो विरघळतो. पूर्ण गार झालेल्या ब्राउनीवर टाकून डबाबंद केला तर रातोरात पाझरतो. दुसऱ्या खेपेला मी हे शेवटचे करून पाहिले. रात्री झाकण लावताना तुकडे खड्यांसारखे कडक होते. सकाळी झाकण उघडले तेव्हा त्या जागी गुलाबी, चिकट डबकी होती आणि बटर पेपरला लाल ओघळ लागले होते.

तिसऱ्या खेपेला मी ठरवले की पेपरमिंट ब्राउनीच्या आत ठेवायचेच नाही, वर एक वेगळा थर करून त्यात ठेवायचे. पांढरे चॉकलेट वितळवले आणि त्यात अर्धा छोटा चमचा इसेन्स घातले. पाहता पाहता ते गुळगुळीत चॉकलेट दाणेदार झाले आणि चमच्याभोवती घट्ट गोळा जमला. चूक सर्वस्वी माझी होती, खोक्याला तिचा दोष नाही. वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचा अल्पसा अंश गेला तरी त्यातले साखरेचे आणि इतर कोरडे कण ओले होऊन एकमेकांना धरतात आणि चॉकलेट आळते, हे मला ठाऊक असूनही घाईत लक्षातून निसटले होते. वितळलेल्या चॉकलेटमध्ये नुसता स्वाद घालायचा असेल तर तो तेलात विरघळलेला हवा. इसेन्स तिथे चालत नाही.

चौथ्या खेपेला उपाय सापडला आणि तो अगदी साधा आहे. ६० ग्रॅम क्रीम कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवावे, बारीक चिरलेल्या १८० ग्रॅम पांढऱ्या चॉकलेटवर ओतावे, दोन मिनिटे झाकून ठेवावे आणि मग मध्यापासून कडेकडे ढवळत जावे. या गनाशमध्ये पाणी आधीच पुरेसे असते, त्यामुळे अर्धा चमचा इसेन्स निमूटपणे मिसळते. चॉकलेट घेताना घटकांत कोको बटर आहे ना हे पाहून घ्यावे. वनस्पती तेलाचे जे पांढरे कंपाउंड मिळते ते टाळूला चिकटून राहते आणि पेपरमिंटच्या गारव्यात तो मेणचटपणा अधिकच जाणवतो. कोको बटर मात्र सुमारे ३४ अंशांना, म्हणजे तोंडातल्या उबेत वितळते, त्यामुळे थर जिभेवर येताच विरघळतो, मग पेपरमिंट जाणवते आणि तिच्या पाठोपाठ खालची कडसर, दाट ब्राउनी येते. चवींचा हा क्रम मिश्रणात इसेन्स ओतून कधीच मिळत नाही. तिथे सगळे एकदम अंगावर येते आणि जे जोरकस असते तेवढेच उरते.

हा थर ब्राउनी पूर्ण गार झाल्यावरच ओतावा आणि फ्रीजमध्ये दोन तास ठेवावा. कापताना लांब पात्याची सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून कोरडी करावी आणि प्रत्येक कापानंतर पुन्हा पुसावी, नाहीतर काळ्या ब्राउनीचे कण पांढऱ्या थरावर ओढले जाऊन रेघोट्या उठतात. कँडीचा चुरा चाळणीतून चाळून घ्यावा. तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे सजावटीसाठी बाजूला काढावेत आणि खाली पडलेली पिठी गनाशमध्येच ढवळून टाकावी, कारण ती पिठीच सर्वांत आधी ओल धरून चिकट होते. आत गेली तर उलट थराला हलका गुलाबी रंग देते. कँडीतही पेपरमिंटचा स्वाद असतोच, तेव्हा पिठी घालणार असाल तर इसेन्स पाव चमच्यावर आणावे. तुकडे मात्र ताट समोर नेण्याआधी दहा मिनिटे पेरावेत. त्या वेळी ते चित्रातल्यासारखेच टोकदार दिसतात आणि दाताखाली कुरकुरतात. बहिणीने या घाण्यातला दुसरा तुकडा न विचारता उचलला, यापलीकडे तिचे मत मी नोंदवत नाही.

साठवणीबद्दल एक गोष्ट मी भोगून शिकले. पेपरमिंटचा वास उडता असतो आणि शेजारच्या स्निग्ध पदार्थात तो मुरतो. पहिल्या घाण्याचे तुकडे मी व्हॅनिला बिस्किटांच्या डब्यातच बटर पेपरची घडी मध्ये घालून ठेवले होते. दोन दिवसांनी तिथली बिस्किटे दिसायला होती तशीच होती, पण चवीला पेपरमिंटची झाली होती, आणि तो डबा दोनदा धुऊनही आठवडाभर वास सोडत नव्हता. नाताळात एका डब्यात पाच पदार्थ भरून देण्याची ज्यांना हौस असते त्यांनी ही ब्राउनी वेगळ्या, घट्ट झाकणाच्या डब्यात द्यावी. गनाशचा थर असेल तर ती फ्रीजमध्येच ठेवावी आणि चार दिवसांत संपवावी. थराशिवाय, नीट गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवलेली ब्राउनी दोन-तीन महिने चांगली राहते, त्यामुळे ब्राउनी आधी भाजून ठेवणे आणि थर व कँडी त्या त्या दिवशी करणे सर्वांत सोयीचे पडते. आणि घरात कुत्रा असेल तर डबा उंचावर ठेवावा. चॉकलेटमधले थिओब्रोमाइन कुत्र्यांना विषारी असते आणि पेपरमिंटच्या वासाने त्यांचा हावरटपणा कमी होईल या भरवशावर राहू नये.

खोक्याच्या एका बाजूला शतकानुशतके चालत आलेल्या परंपरेबद्दल एक परिच्छेद छापला आहे, त्याकडे खुशाल दुर्लक्ष करावे. ब्राउनी हा तसा अलीकडचा पदार्थ आहे. १८९३ साली शिकागोत भरलेल्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी तिथल्या पामर हाउस या हॉटेलात तिचा जन्म झाल्याची कथा प्रसिद्ध आहे आणि चॉकलेट ब्राउनीच्या छापील कृती अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दिसू लागल्या. शतके मोजायचीच तर अजून दुसरेसुद्धा पुरे झालेले नाही.

प्रीमिक्स घ्यावे की सगळे घरी मोजावे, याचे उत्तर तुमच्या कपाटात काय आहे यावर अवलंबून आहे. ११५ ग्रॅम लोणी, १२० ग्रॅम डार्क चॉकलेट, २०० ग्रॅम साखर, दोन अंडी, ६५ ग्रॅम मैदा, ३० ग्रॅम कोको आणि पाव चमचा मीठ एवढे साहित्य आणि वजनकाटा हाताशी असेल तर घरची ब्राउनी या खोक्याहून सरस होते, कारण तिच्यात चॉकलेटचे प्रमाण आपल्या हाती असते. लोणी आणि चॉकलेट एकत्र वितळवावे, साखर आणि अंडी चांगली फेटून त्यात मिसळावीत, मैदा आणि कोको चाळून हलक्या हाताने घालावेत आणि वर सांगितलेल्या टिनमध्ये, त्याच तापमानाला २२ ते २६ मिनिटे भाजावे. या ब्राउनीवर तोच गनाशचा थर आणि तीच कँडी शोभते. परंतु ज्यांच्याकडे वजनकाटा नाही, ज्यांना पापुद्रा दर वेळी हुलकावणी देतो किंवा ज्यांना मुलांना हाताशी घेऊन तासाभरात घाणा ओव्हनमध्ये सारायचा आहे, त्यांना हे प्रीमिक्स मी आनंदाने सुचवीन. मिश्रणाच्या पिशवीला मी पाचपैकी चार गुण देते, कँडीच्या चुऱ्याला तीन, इसेन्सच्या बाटलीला तिच्या दर्जासाठी तीन आणि छापील कृतीला एक. तो एकही अंड्यांची संख्या बरोबर सांगितली म्हणून. क्रीम आणि पांढरे चॉकलेट वेगळे आणावे लागते, ही तक्रार शिल्लक राहतेच. उत्पादकाने बाटली निम्म्याहून लहान केली आणि त्या जागी पांढऱ्या चॉकलेटची पुडी दिली, तर मला आणखी काही लिहायचे राहणार नाही.

यंदा मी दोन खोके भेट म्हणूनही दिले. देण्याआधी मागच्या छापील कृतीवर कागदाची चिठ्ठी डकवली आणि तिच्यावर लिहिले: टिन २० सेंटिमीटरचा घ्या, २६ मिनिटांनी पाहा, इसेन्स मिश्रणात घालू नका, गनाशमध्ये घाला, कँडी खाण्याच्या वेळी पेरा. गनाशचे माप चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहिले, आणि उरलेले इसेन्स कोणी एका घाण्यात संपवू नये म्हणून बाटलीच्या बुचाला लाल धागा बांधून दिला.